शेवटच्या प्रवेशातली ढाल

मित्रांनो, त्या छब्याला कुणीतरी सांगा रे, ढाल म्हणजे आरसा नव्हे! नाटक सुरू व्हायच्या आधी माझ्यात बघून मिशी चिकटवतो. आणि रंगमंचावर मला धरतो कुठे, तर पार कमरेशी! का, तर चेहरा झाकला जाऊ नये. समोरून भाला येतोय आणि हा टाळ्यांची वाट बघतोय. जीव नुसता जळतो माझा!

मी एक जुनी पितळी ढाल आहे. नाटकमंडळीत राहते. तांबटाने मोठ्या पातेल्याचं झाकण ठोकून मला घडवलं, पण ते माझ्या तोंडावर कुणी बोलायचं नाही. आमच्या नाटकात एक पुराणकाळचा वीर आहे. मी शाळा पाहिलेली नाही, पण या वीराला आतून-बाहेरून ओळखते. पहिल्या अंकात तो मला घेतो ते मिरवायला. मग त्याचा जिवलग मित्र लढाईत मरतो, तेव्हा तो माझ्याआड तोंड लपवून रडतो. शेवटी शत्रूचा म्हातारा राजा हरतो. वीराचेच सैनिक त्याच्यावर दगड घेऊन धावतात, आणि वीर मला त्या म्हाताऱ्यापुढे धरतो. तिथे तो मोठा होतो हो! मारलेल्या राक्षसांची गणती कोण विचारतंय?

पूर्वी हा वीर छब्याचे काका करायचे. काय तो रुबाब, आणि काय मला जपणं! पुढे ते थकले, म्हाताऱ्या राजाचं काम करू लागले. वीर आला छब्याकडे, आणि प्रयोग संपला की कोपऱ्यात पडून पडून मी कडांना हिरवी झाले.

काल मात्र मंडळीची मालकीण, म्हणजे छब्याची आत्या, विंगेत कडाडली, "रोज शेवटाची माती करतोस! आज काकांना नीट झाकलं नाहीस, तर उद्यापासून भालदार हो."

"आत्या, चेहराच दिसला नाही तर अभिनय काय पाठीने करू?"

"कर की! चेहऱ्याने तरी कुठे करतोस?"

शेवटचा प्रवेश लागला. काका गुडघे टेकायला गेले आणि धाडकन आडवेच झाले! पांढरा टोप उडाला, टक्कल चमकलं, सगळं नाट्यगृह खो-खो हसलं. काकांचे ओठ हलेनात. पाठ असलेलं सगळं पुसलं गेलं! छब्याने प्रेक्षकांकडे पाहिलं. दिवा त्याच्याच तोंडावर होता. नुसता डोळा मिचकावला असता, तरी टाळ्या त्याच्याच होत्या. मला कळत होतं, त्यालाही कळत होतं.

आणि मित्रांनो, त्याने मला उचललं! छातीशी, मग थेट तोंडापुढे! काकांना कवेत घेऊन तो माझ्यामागे बसला.

"काका, लागलं?"

"गुडघा गेला रे. टोप कुठंय?"

"तुम्ही त्यावरच बसलाय."

"मग काढ ना गाढवा!"

टोप बसला. छब्याने पुढचं वाक्य कानात सांगितलं, आणि माझ्याआडून काकांचा आवाज काय उठला म्हणता! कापडी दगड माझ्यावर थडाथड आदळत होते आणि मी फुगून गेले होते. हसणारे गप्प झाले. पडदा पडेपर्यंत छब्याचं तोंड कुणालाही दिसलं नाही.

मग टाळ्या सुरू झाल्या, थांबेचनात! छब्या पडद्याच्या फटीतून डोकावून बघायला लागला. तेव्हा मी त्याच्या हातातच खणकन वाजले आणि तोंडावर सांगितलं, "वीर झालास बरं का, छब्या! आता तिथे मिरवत उभा राहू नकोस. काकांना हात दे, त्यांना जिना उतरायचाय. आणि मला खाली ठेवशील ते हळू, आपटून नाही!"