विजयसिंहाचा ताप

आमच्या गावात तापाला माणसाचं नाव होतं. खोटं वाटत असेल तर धारूरच्या बाजारात कुणालाही विचारा. मी सांगतो त्यातलं निम्मं तर ते शपथेवर सांगतील.

कोरोनाच्या पहिल्या लाटेत तपासणीत सगळ्यात आधी सापडली सरूबाई. एसटीच्या थांब्यावर तिची भज्यांची गाडी. ती जागा गावपुढारी विजयसिंहदादांना स्वतःच्या बॅनरसाठी हवी होती आणि सरूबाई तिथून हलत नव्हती. ती दवाखान्यात गेली तसा दादांनी नियमच काढला, "ज्याला पहिल्यांदा झाला, त्याचं नाव तापाला. ओळखायला सोपं." मग पंचायतीचा शिपाई शहादेव रोज भोंग्यावरून ओरडायचा, "सरूबाईपासून सावध राहा होऽ!"

सरूबाई खडखडीत बरी होऊन आली. पण भजी खाणार कोण? एसटीवाला थांबा सोडून पार वेशीपुढं गाडी उभी करायला लागला. भज्यांचा वास आला की कुत्रीसुद्धा नाकावर पंजा धरून पळायची, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. सरूबाईनं कढई पालथी घातली आणि गप्प बसली. ती गप्प बसली तेव्हाच मला दादांची काळजी वाटली होती.

पुढं नवा ताप आला, आधीच्यापेक्षा वेगळा. पुण्याच्या लग्नातून तो खोकत खोकत घेऊन आले खुद्द दादा. त्यांना अंबाजोगाईच्या दवाखान्यात हलवलं आणि इकडं सरूबाई शहादेवापुढं उभी.

"काय रे, नियम कुणाचा?"

"दादांचा."

"मग पाळ की."

शहादेवानं भोंगा हातात घेतला. "विजयसिंहापासून सावध राहा होऽ! विजयसिंह शिवला की साबणानं हात धुवा होऽ!"

सोसायटीची निवडणूक तोंडावर आलेली. दादा बरे होऊन हात जोडत फिरायला लागले, तर पुढच्या आळीपर्यंत कड्या लागायच्या. बायकांनी दारावर कडुलिंबाचे डहाळे बांधले. एका शेळीनं दादांचं बॅनर खाल्लं, तर मालकानं तिला गोठ्यात वेगळं बांधून काढा पाजला.

शेवटी दादा सरूबाईच्या दारात आले. जन्मात पहिल्यांदा 'तुमी' म्हणाले.

"सरूबाई, तुमी सांगा शहादेवला. माझं नाव गेलं तर माझं राजकारण गेलं."

"माझं नाव गेलं तवा माझी गाडी गेलती, दादा. बोलवा गाव."

पारावर गाव जमलं, अंतर ठेवून. कुणी म्हणालं, या तापाला चकलांब्याचा ताप म्हणू. दादांची बायको छबुबाई तटकन उठली, "माझं माहेर हाय ते! त्याला काहून गुंतवता?" कोंबडीताप म्हणावं तर कोंबड्या पाळणारा जीवन भडकला, "माझा माल तू घेणार का बे?" ऊसतोडीचा ताप म्हणायला एकानं तोंड उघडलं, पण ऊसतोडीवरून आलेल्या बाया समोरच बसल्या होत्या. त्यानं ते मिटलं.

नर्स वैष्णवी म्हणाली, "ताप जसे आले तसे म्हणा. पहिला ताप, दुसरा ताप. कोणता तेबी कळतं, आन् आकड्याला ना गाव, ना दुकान."

सगळ्यांनी माना हलवल्या. दादांनी मोठा श्वास सोडला.

"थांबा," सरूबाई म्हणाली. "ज्यानं नाव लावलं त्यानंच काढायचं. भोंग्यावर न्हाई. दारोदार, पायी, आपल्या तोंडानं. आधी माझं."

दादांनी पाराकडं बघितलं. कुणीच 'राहू द्या' म्हणालं नाही.

भर उन्हात दादा पुढं, छत्री धरून सरूबाई मागं. "पहिला ताप! सरूबाईचा न्हाई, पहिला ताप!"

"या घरातली म्हातारी बहिरी हाय, दादा. पुन्यांदा म्हणा."

त्या म्हातारीला घाटनांदूरला मुंगी चालली तरी इथं ऐकू जातं. पण ती खिडकीतून कानाला हात लावून उभी राहिली, "आँ?" पुढच्या घरात दोघं बहिरे निघाले. त्याच्या पुढं तर अख्खी आळीच.

दिवस कलला तेव्हा दादांच्या घशातून नुसती हवा येत होती. गाव मात्र सगळं झालं होतं.

"आता... माझ्या तापाचं?" त्यांनी हातानंच विचारलं.

सरूबाईनं छत्री मिटली.

"तुमचं उद्या बघू, दादा. आज आवाज बसलाय तुमचा."