हमीदाबीचा सुरमा

पळस्पे फाट्यावरच्या आपल्या बॅटरीच्या दुकानातून इम्तियाज आला, अंगणातल्या नळावर साबण घासून आंघोळ केली आणि उंबऱ्याशी थांबला. त्याला बघून आत त्याचं पोरगं हात वर करत होतं. त्यानं घेतलं नाही. बाळाच्या रक्तात शिसं आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून, ते बॅटऱ्यांतून आपल्या अंगावर येत असेल या भीतीनं तो असाच लांब उभा राही.

"ते दुकान बंद कर म्हनते, तर आयकत नाय," त्याची आई हमीदाबी आतून म्हणाली. खलात सुरमा घोटणारा तिचा हात मात्र थांबला नाही. मोहल्ल्यात तिच्या सुरम्याला तोड नव्हती. तिच्या मते सुरम्याचा दगड हातात जड लागला पाहिजे, फोडला की चौकोनीच तुकडे पडले पाहिजेत, आणि मग चमक मरेपर्यंत गुलाबपाण्यात घोटायचा. जन्मानंतरच्या सहाव्या दिवसापासून, छठीपासून, नातवाच्या डोळ्यांत ती रोज हाच सुरमा घालत होती. इतकं कौतुक तिनं पोटच्या लेकाचंही केलं नव्हतं.

महिन्यानं पुन्हा रक्त तपासलं. शिसं वाढलंच होतं. खांदा कॉलनीतल्या डॉक्टर माधुरीताईंनी हमीदाबीच्या सुनेला, रुबीनाला विचारलं, "डोळ्यांत काय घालता?"

"माज्या हातचा सुरमा हाय," सोबत आलेली हमीदाबीच तोऱ्यात म्हणाली, आणि तिनं दगडाची सगळी कुंडली मांडली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजी, तो शिशाचाच दगड. जमिनीखाली गरम पाणी खडकांच्या भेगांतून वर चढतं, तिथं हा साचतो. हाच वितळवून शिसं काढतात, बॅटरीत घालतात. सुरमा आजपासून बंद करा. शिसं हळूहळू उतरेल."

रिक्षात रुबीना हलकेच म्हणाली, "अम्मी, मी ह्यांना सुरम्याचं सांगत नाही, नुसतं औषध बदललं म्हणते." सून गुणाची होती. त्यानंच हमीदाबीला जास्त रडू आलं.

"नको. मीच सांगते."

घरी रुबीनानं ओल्या कापसानं बाळाचे डोळे पुसून काढले. संध्याकाळी इम्तियाज आंघोळ करून दारात थांबला. हमीदाबीनं पोराला उचललं आणि त्याच्या हातांत दिलं.

"घे. तुज्या दुकानाचं नव्हतं रे ते. माजा सुरमा व्हता. त्यात शिसं हाय."

इम्तियाजनं पोराला छातीशी धरलं आणि तो खाली बसला. त्याला राग आलाय की रडू, हे हमीदाबीला कळेना, आणि विचारायची हिंमतही होईना. ती नातवाकडेच बघत राहिली. सुरमा पुसलेले ते डोळे थेट इम्तियाजचे होते. तिला ते आजच दिसत होते.