कोहूमामाचं टेबल

"ती पपीतेच्या बाजारातून आणलेली टिकी पोरीच्या हाती देऊ नकोस," कोहूमामा म्हणाला होता. मी हसण्यावारी नेलं. स्वतः टिकी कोरणाऱ्या माणसाला बाजारातली कशी आवडेल? मोठ्या डोळ्यांची पूर्वजाची मूर्ती, कुठून का येईना.

आमच्या बेटावर नव्या कोरीव कामाला खोबरेल चोळतात. मीही चोळलं. थोड्या वेळाने बघते तर टिकी माझ्या तान्ह्या मोएताईच्या तोंडात, आणि तिचे ओठ, हिरड्या, हनुवटी सगळं काळंकुट्ट. नर्स म्हणाली, काही झालेलं नाही. तरी आठवडाभर मी तिचे लंगोट उजेडात धरून बघत होते.

त्याच आठवड्यात कारागीर मंडळाच्या अध्यक्षा तेहीनाकाकूंचा निरोप आला. आता येणारं पर्यटकांचं जहाज येऊन गेलं की धक्क्यावरच्या मंडपातलं मामाचं टेबल पपीतेच्या व्यापाऱ्याला मिळणार. त्याच्या टिक्या परदेशात यंत्रावर कोरलेल्या, स्वस्त, आणि दिसायला मामाच्या टिक्यांसारख्याच. मामा चाळीस वर्षं त्या टेबलाशी बसतोय. "घेऊ दे," एवढंच म्हणाला आणि वाकसाला धार लावत बसला.

जहाजाच्या दिवशी मी मोएताईला कडेवर घेऊन मंडपात गेले. सगळी गर्दी व्यापाऱ्याकडे. मी काकूंना म्हटलं, दोघांची एकेक टिकी घ्या आणि रिवाजाप्रमाणे सगळ्यांसमोर तेल चोळा. व्यापारी म्हणाला, माझ्या मालाला पॉलिश आहे, गरज नाही.

"मग थेंबभर तेलाला कशाला भितोस रे पोरा?" काकू म्हणाल्या आणि बाही सारून बसल्या.

मामाच्या टिकीवर लाकडाच्या रेषा उजळून आल्या. व्यापाऱ्याच्या टिकीने काकूंचे दोन्ही तळवे काळे केले, आणि खालून पांढरंफटक लाकूड डोकावलं. त्याच्याकडचीच टिकी विकत घेऊन छातीशी धरून उभ्या असलेल्या एका पाहुण्याने हळूच आपला सदरा तपासला.

"आमचे पूर्वज समुद्र ओलांडून आले," मामा शांतपणे म्हणाला, "तेव्हाही एवढे विरघळले नव्हते."

मंडप हसून लोटपोट झाला. टेबल मामाकडेच राहिलं. तेल चोळून बघितल्याशिवाय कुठलीच टिकी मंडपात येणार नाही, असा नियमही काकूंनी तिथल्या तिथे करून टाकला. जहाज सुटलं तेव्हा मामाच्या टेबलावर विकायला एकही टिकी उरली नव्हती, आणि मागण्या पुढच्या वर्षापर्यंतच्या.

आता तो पहाटेपासून बंद शेडमध्ये घासत असतो. भुसा उडतो, खोकला येतो, विचारलं तर खेकसतो. मी दोन महिने पपीतेला आहे. तुम्ही आमच्या हाकाहाऊच्या धक्क्यावर उतरलात तर चर्चमागच्या शेडमध्ये डोकावा, त्याने नाकातोंडाला फडकं बांधलंय का तेवढं बघा. मी सांगितलंय म्हणू नका.