विहीणबाईंच्या कोऱ्या वहाणा

कोऱ्या वहाणा घालून निघायचं नाही, हे आवडाबाईने विहीणबाईंना स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. एकदा नाही, तीनदा. आणि चैत्रातल्या त्या पहाटे कल्याणच्या शिवमंदिरापाशी सखुबाई आल्या त्या चर्र चर्र वाजत. पायात पिवळ्याधमक चामड्याच्या, लाल गोंडे लावलेल्या वहाणा. बाजारातून आदल्याच संध्याकाळी आणलेल्या.

"कशा हायेत?" सखुबाईंनी पाय पुढे करून विचारलं.

"झ्याक हायेत," आवडाबाई म्हणाली आणि दात आवळले.

दुसरं काय म्हणणार? आवडाबाई डोंबिवलीच्या खाडीकडच्या गावातली. नवरा होता तोवर दोघं मिठागरावर राबायची. आता थोडं भाताचं शेत, दोन म्हशी आणि ती. तिच्या आईचं माहेर शहापूरकडचं, म्हणून वणीची देवी तिच्या घरात आईच्या बाजूने आलेली. दर चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जायचं, हे तिने तरुणपणी धरलं ते सोडलं नव्हतं. हळूहळू गावातल्या बायका तिच्या मागून यायला लागल्या आणि कोणी न नेमता ती त्यांची पुढारी झाली. तिच्या एका शब्दावर त्या उठत, एका शब्दावर बसत. पण सखुबाई पडल्या तिच्या लेकीच्या, तुळसाच्या, सासूबाई. कल्याणात भाताची गिरणी असलेलं घर. आपण मुलीकडचे. इथे एक शब्द वाकडा गेला तर त्याची भरपाई घरात तुळसाला करावी लागणार.

"औंदा मी पन येते गडावर," असं सखुबाईंनी होळीला जाहीर केलं, तेव्हाच आवडाबाईला पुढचं सगळं दिसलं होतं. तरी ती मुद्दाम कल्याणला गेली आणि ओटीवर बसून सगळं समजावून आली. वहाणा जुन्याच घ्या, पायाला ओळखणाऱ्या. ओझं इतकंच घ्या की पाठीवर आहे हे विसरायला होईल. उन्हं चढायच्या आत चालायचं, दुपारी झाडाखाली पडायचं. पाणी घोट घोट प्यायचं, ढसाढसा नाही. पाय तापलेले असताना नदीत बुडवायचे नाहीत, कातडी भिजून मऊ पडते आणि मग सोलवटते. रात्री कोमट पाण्यात मीठ टाकून पाय शेकायचे, पुसून कोरडे करायचे, मग खोबरेल. आणि कुठे चुरचुरलं की लगेच सांगायचं. लाजायचं नाही. फोड यायच्या आधी चिंधी बांधली तर फोड येत नाही.

सखुबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. मागे दारात तुळसा उभी होती आणि डोळ्यांनी आईला म्हणत होती, पुरे कर आता.

आता सखुबाईंच्या पाठीवरचं गाठोडं बघून आवडाबाई एकेक वस्तू मोजायला लागली. पितळेचा तांब्या. लाडवांचा डबा. पूजेचं ताम्हन. रेशमी लुगडं, देवीपुढे नेसायला. वर एक उशी.

"उशी?"

"मला दगडावर डोकं ठेवून झोप येत नाय," सखुबाई म्हणाल्या. त्यांचे यजमान काळुराम बाजूला हात जोडून उभे होते. "ईनबाई, तुमच्या भरवशावर सोडतो बरं का," ते म्हणाले. झालं. उशी, तांब्या, ताम्हन आणि विहीण, सगळं आवडाबाईच्या गळ्यात पडलं.

पहिल्या दिवशी सखुबाई सगळ्यांच्या पुढे. शहाडचा पूल ओलांडेपर्यंत त्यांनी असा सपाटा लावला की मागच्या बायकांना धाप लागली. आवडाबाई मागून ओरडली, "ईनबाई, दमानं! आज कोन शर्यत नाय लावली!" सखुबाईंनी मागे न बघता हात हलवला. टिटवाळ्याला गणपतीपुढे त्या ज्या बसल्या त्या उठेनात. इतरांचं पाणी भरून, चूल पेटून भाकऱ्या झाल्या तरी यांचं लाडू वाटणं चाललेलं. रात्री आवडाबाईने मिठाचं पाणी करून पुढ्यात ठेवलं, तर सखुबाई म्हणाल्या, "मला काय झालंय? मी ठणठणीत हाय." आणि उशीवर डोकं ठेवून घोरायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी खडवलीला भातसा नदी दिसली आणि भर उन्हात सखुबाई घोट्यापर्यंत पाण्यात उतरल्या. आवडाबाई काठावर उभी राहून बघत होती. तिच्या जिभेवर काय काय आलं! ते सगळं तिने गिळलं. नुसतं म्हणाली, "पाय नका भिजवू, ईनबाई."

"अगं बाई, किती गार वाटतंय म्हनून सांगू!"

गोदूबाई, आवडाबाईची शेजारीण, हळूच म्हणाली, "तू बोलत का नाय गं त्यांना नीट? आमची तर चामडी सोलतेस."

"तुमी माज्या लेकीच्या सासवा नाय," आवडाबाई म्हणाली आणि तरातरा पुढे निघाली.

शहापूर येईतो सखुबाई मागे पडायला लागल्या. विचारलं की, "छे, काय नाय." वाटेतलं झाड न् झाड बघायला थांबत होत्या. आधी म्हणे आंब्याला मोहोर किती आलाय, मग म्हणे पळस कसा फुललाय. आवडाबाईला कळत होतं. पाऊल बाहेरच्या कडेवर पडत होतं, टाच टेकत नव्हती. खर्डीला तिने गाठोडं ओढून आपल्या पाठीवर घेतलं. सखुबाईंनी "नको नको" म्हटलं, पण सोडलं लगेच. ताम्हनाची कड आवडाबाईच्या बरगडीत रुतत होती आणि प्रत्येक पावलागणिक तिच्या मनात एक नवी शिवी तयार होत होती.

कसाऱ्याला घाटाच्या पायथ्याशी सखुबाई रस्त्याच्या कडेला बसल्या आणि उठल्याच नाहीत. अंग तापलं होतं. आवडाबाईने जबरदस्तीने वहाणा उतरवल्या. दोन्ही टाचा सोललेल्या, अंगठ्याखाली फोड फुटून माती भरलेली, एक पाऊल सुजून लाल. बायका भोवती गोळा झाल्या.

पुनवेला गडावर पोचायचं तर थांबून चालणार नव्हतं. आवडाबाईने गोदूबाईला बाजूला घेतलं. "तू घेऊन जा यांना. मी ईनबाईंना गाडीत बसवते, कल्याणला सोडते आणि मग काय व्हईल ते व्हईल." बायका मागे वळून वळून बघत घाट चढायला लागल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या आवडाबाईशिवाय घाट चढत होत्या आणि आवडाबाई खाली उभी होती. तिला रडूच आलं असतं, पण तेवढ्यात सखुबाई म्हणाल्या,

"मी गाडीत नाय बसनार."

"काय?"

"मी चालत जानार म्हनून सांगितलंय घरी. परत गेले तर लोक हसतील."

आणि मग आवडाबाईचा बांध फुटला.

"हसू दे! हसलेच पायजेत! तुला किती येळा सांगितलं मी? कोऱ्या वाना नको म्हनलं, घातल्यास. वजं नको म्हनलं, उशी घेऊन आलीस! पानी नको म्हनलं तर म्हशीसारखी डुंबलीस. पाय दुखतो का विचारलं तर मोहोर दाखवतेस मला? माजी दर वर्साची वाट, माजी देवी, माज्या बाया वर गेल्या आणि मी हितं तुज्या टाचा बघत बसलेय! ऐकायचंच नव्हतं तर आलीस कशाला माज्या जिवाला घोर लावायला?"

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण विहिणीला 'तू' म्हटलं. तुळसा डोळ्यांसमोर आली.

सखुबाईंचा चेहरा लाल झाला होता. त्याही काही कमी नव्हत्या.

"आले, कारन घरात दिवसभर तुजंच नाव ऐकते! भात असा नाय, माजी आये असा करते. लोनचं असं नाय, आये तसं घालते. माज्याच चुलीपुढं! म्हटलं, ही बाई येवढी काय मोठी लागून गेली, गडावर चालत जाते म्हनून? मी पन जाईन. आणि तिचं एक पन न ऐकता जाईन." त्यांचा आवाज चिरकला. "तू समजावत होतीस तवा तुज्या तोंडावर लिवलेलं होतं, ही नाय आली तर बरं."

आणि ते खरं होतं.

रस्त्याने एक यष्टी घाट चढत गेली. धुरळा खाली बसला. मग आवडाबाई सखुबाईंच्या शेजारी बसली, पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "तुळसाचं लोनचं खारट होतं का गं?"

"लई."

"मिठागरावरची ना आमी. हात जड पडतो."

स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत त्या थांबल्या, सखुबाईंचा ताप उतरेपर्यंत. आवडाबाईने घरच्या मिठाचं पाणी करून जखमा धुतल्या, खोबरेल लावलं, स्वतःचं जुनं लुगडं फाडून पट्ट्या बांधल्या. मिठाने सखुबाई अशा किंचाळल्या की शेजारच्या खोलीतला बैरागी बाहेर आला. मग आवडाबाईने त्या वहाणांना तेल चोळलं आणि अंगणातल्या दगडावर ठेवून बत्त्याने बडव बडव बडवल्या. जितका राग शिल्लक होता तितका त्यात गेला. सखुबाई बाजेवर पडल्या पडल्या सांगत होत्या, "तिकडनं नको, हिकडनं मार. गोंडा तुटेल."

"तुटूच दे तो गोंडा!"

चामडं मऊ झालं. पितळेचा तांब्या, ताम्हन आणि उशी आवडाबाईने धर्मशाळेच्या म्हाताऱ्याला देऊन टाकली. उशीपायी सखुबाई अर्धा दिवस अबोल होत्या.

घाट त्यांनी गोगलगायीसारखा चढला. सखुबाईंना आता चुरचुरलं की लगेच सांगायची सवय लागली होती, ती इतकी की दर दहा पावलांवर "आवडे, थांब" व्हायचं, आणि आवडाबाईला वाटायचं, न सांगणारी होती तीच बरी होती. पुनव वाटेतच उलटली. नाशिकच्या पुढे गोदूबाई आणि बायका परतताना भेटल्या. "गर्दीत चिरडलो गं," गोदूबाई म्हणाली. "देवीचं तोंड दिसलं न दिसलं तोच ढकललं पुढं." आवडाबाईला वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं.

गडावर त्या पोचल्या तेव्हा जत्रा उठली होती. नारळाच्या करवंट्या, फुटक्या बांगड्या, खांबांचे खळगे. सखुबाई पायऱ्या बसत बसत चढल्या, आवडाबाई त्यांच्या मागे, घसरल्या तर धरायला. वर देवी डोंगराच्या अंगात उभी होती, शेंदराने लाल, अठरा हातांची. समोर कोणी नव्हतं. एक पुजारी तेवढा झाडत होता.

दोघी बराच वेळ उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर आवडाबाईने विचारलं, "काय मागितलंस?"

सखुबाई थबकल्या. "अगं बाई! मागायचं राहूनच गेलं. पाय इतके ठनकत होते, तेच मनात."

आवडाबाईने कपाळावर हात मारला. काहीतरी खरमरीत बोलणार, तर तिच्या लक्षात आलं, आपणही काही मागितलं नाही. ओल्या फरशीवर ही बाई घसरेल म्हणून आपण सारा वेळ तिच्या टाचांकडेच बघत होतो.

"चल," ती म्हणाली.

"कुटं?"

"आत. कोन ढकलतंय आपल्याला?"

पुजाऱ्याने दोघींना परत येताना पाहिलं आणि झाडू बाजूला ठेवला. सखुबाईंनी डोळे मिटून तुळसाची कूस उजवू दे म्हणून मागणं मागितलं, मोठ्याने, पुजाऱ्याला ऐकू जाईल असं. आवडाबाईनेही तेच मागितलं, मनातल्या मनात. आणि वर जमलं तर परतीच्या वाटेपुरता थोडा धीर.