चीज बर्गरचा नैवेद्य

हळ्ळीखेडच्या दत्तमंदिरात उत्सवाला तीन दिवस कीर्तन असतं, आणि रोजचा प्रसाद एकेका घराकडे. यंदा दुसरा दिवस माझ्या माहेराकडे आला. सुमतीवहिनीचे गुडघे धरलेले, तिला कढईपुढे उभं राहवेना. तेव्हा माझा भाचा श्रीहर्ष म्हणाला, "आई, या वर्षी मी करतो. चीज बर्गर."

माझे थोरले भाऊ अच्युतदादा तिथंच पेपर वाचत बसले होते. पेपर खाली आला नाही, पण पानही उलटलं नाही.

श्रीहर्ष कोळारच्या कारखान्यात चांगला सुपरवायझर होता. ती नोकरी सोडून त्यानं मन्नाएखेळ्ळीला हायवेवर बर्गरचं दुकान टाकलं. दादा निवृत्त हेडमास्तर. आपला इंजिनिअर पोरगा तव्यावर पाव भाजतो, हे त्यांना चारचौघांत सांगवेना. दुकान चालायला लागलं तरी त्यांनी तिथं पाऊल ठेवलं नाही. पोरानं घरी बर्गर आणला की त्यांना नेमकं फिरायला जायचं आठवायचं. पण प्रसादाला कोण नाही म्हणणार? श्रीहर्षनं हेच धरून बेत केला होता. मला ते कळलं, वहिनीला कळलं, आणि दादांना कळलं नसेल असं नाही.

"पाव देवाला चालतो व्हय?" एवढंच त्यांनी विचारलं.

"दुधात मळणार, अप्पा. पाण्याचा थेंब न्हाई, अंडं न्हाई, कांदा-लसूण न्हाई. चीजच्या पाकिटावरचा हिरवा ठिपकापण बघून घेतलाय."

"दुधात मळलं म्हणजे दशमीच की," मी मध्ये पडले.

बोलून गेले आणि आईची दशमीच डोळ्यांपुढे आली. शेजारच्या गावात कीर्तन असलं की आई दुधात मळलेल्या ज्वारीच्या दशम्या बांधून द्यायची. दुधातल्या पिठाला विटाळ नाही, वाटेत कुठंही बसून खाता येतं. दोन दशम्यांच्या मध्ये लोण्याचा गोळा आणि शेंगाची चटणी. दादा आणि मी बांधाबांधानं चालत जायचो. पूर्वरंग संपला की बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, तेवढ्या वेळात ती पुरचुंडी उघडायची. लोणी एव्हाना दशमीत पार मुरलेलं असायचं. पेटीवाला सूर धरून बसलेला, समईची वात वाऱ्यानं हलतेय, आणि दादा मोठा तुकडा माझ्याकडे सरकवतोय. आजही झांज वाजली की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. देवाला ते ठाऊक आहे, त्याच्यापासून काय लपवायचं!

उत्सवाला नेत्रा आली. ही श्रीहर्षची बहीण, बिदरच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ. बेत ऐकून ती भावावर घसरलीच.

"मैदा, बटाटा, वर चीज. चोथा नावाला न्हाई, मीठ मात्र अर्ध्या दिवसाचं. देवाचं बीपी वाढवायलास काय रे?"

"मग तू कामून दर रविवारी दुकानात येतीस?"

"त्याला मी काय करू? मऊ, खारट, तुपकट, सगळं एका घासात. जीभ पुरे म्हणतच न्हाई. म्हणून तर सांगायलेय!"

"आणि आमची दशमी गं?" मी म्हटलं. "त्यात लोणीच लोणी होतं की."

"आत्या, तुम्ही ती खाऊन दोन कोस चालत होता. याचं गिऱ्हाईक गाडीतून उतरतसुद्धा न्हाई."

संध्याकाळी उदगीरचे बुवा उभे राहिले. काय तो आवाज! वरच्या सुरात गेला तरी कोवळाच. पूर्वरंगाला त्यांनी विषय घेतला जिभेवरच्या ताब्याचा. दृष्टांत रंगात आला आणि नेमका तेव्हाच देवळामागच्या स्वयंपाकघरात श्रीहर्षनं तव्यावर बटर सोडलं. वास मंडपात आला. आधी पोरांच्या माना वळल्या, मग बायकांच्या, आणि तबल्यावरच्या मडिवाळप्पांची एक मात्रा चुकली. बुवांनी झांज खाली घेतली.

"मंडळी, मी तुम्हाला जीभ आवरायला सांगतोय, आणि देवानं परीक्षा आजच ठेवली की हो!"

मंडप हसला. दादा हसले नाहीत.

आख्यान झालं, आरती झाली, नैवेद्य दाखवला. पळसाच्या पानावर प्रत्येकाला अर्धा अर्धा बर्गर आला. पहिला घास तोंडात गेला आणि जो तो पाणी शोधू लागला.

"अण्णा," मडिवाळप्पा श्रीहर्षला म्हणाले, "मिठाचं पोतंच ओतलास काय रे?"

दुकानात श्रीहर्ष पहिली टिक्की स्वतः चाखतो, मग बाकीच्यांचं मीठ ठरवतो. इथं देवाच्या आधी चाखायचं नाही. हे वहिनीनं त्याच्या अंगात लहानपणीच भिनवलेलं. त्यात देवाचं म्हणून चीज एकाच्या जागी दोन. टिक्कीचं मीठ, बटरचं मीठ, चीजचं मीठ. पोरं पाणी पीत पीत खात होती आणि वर आणखी मागत होती. पण श्रीहर्षचं तिकडं लक्ष नव्हतं. तो परात घेऊन दादांपुढे उभा होता.

नेत्रा हळूच म्हणाली, "अप्पा, तुम्हाला एवढं मीठ चालणार न्हाई. कण घ्या नुसता. प्रसादाला कण पुरतो."

झालं, मी मनात म्हटलं. सापडली दादांना पळवाट.

दादांनी नखाएवढा कण तोडला, डोळ्यांना लावला, तोंडात टाकला. बाकीचं पान नेत्राच्या हाती दिलं. श्रीहर्ष परात घेऊन वळला.

"थांब," दादा म्हणाले. "हे देवाचं होतं, म्हणून घेतलं. देवाच्या आडून मला भरवायलास व्हय रे?"

"दुसरा रस्ता ठेवला न्हाईत तुम्ही, अप्पा."

दादांनी उपरण्यानं बोटं पुसली. पुसून झाल्यावरही पुसतच राहिले.

"दुकान कधी उघडतंय तुझं?"

श्रीहर्षनं परात खाली ठेवली. "अकराला."

"मीठ?"

"तिथं चाखून करतो. तुमच्यासाठी बेताचं."

"आणि चीज अर्धंच," नेत्रा म्हणाली.

"असू दे गं पुरतं. बघू तरी, लोक कशापायी गाड्या थांबवायलेत."

खांबाला टेकून पाय पसरून बसलेली वहिनी म्हणाली, "मग उद्या दुपारची तुमची भाकरी टाकू नको व्हय?"

"टाक की. त्याच्या मिठाचा भरवसा काय!" दादा उठले, चपलांकडे गेले आणि मला बाजूला घेऊन आवाज खाली आणत म्हणाले, "जयंती, उद्या तूपण चल. एवढे दिवस गेलो न्हाई, आता एकट्यानं कसं आत शिरू?"