दोन दारांची गाडी

"जरा अंग चोरून बस गं," डॉक्टर म्हणाले, आणि उत्तराबाईंनी नव्या इरकलीचे काठ सावरत दाराला पाठ टेकवली.

त्यांच्या आणि डॉक्टरांच्या मधे एक गृहस्थ मांडीवर बादली घेऊन बसले होते. बादली त्यांच्या बायकोसाठी होती. बायको मागच्या सीटवर आडवी पडून कण्हत होती, तिच्या पायाशी तिची आई होती, आणि आईला एकटीला धीर निघायचा नाही म्हणून शेजारची एक म्हातारी. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं, अशातली गत. बादली ठेवायला मागे जागाच उरली नव्हती, त्यामुळे ती दर थोड्या वेळाने उत्तराबाईंच्या डोक्यावरून मागे जात होती आणि जड होऊन परत येत होती.

निघाले होते दादरला, उत्तराबाईंच्या भाच्याच्या मुंजीला. भिक्षावळीत आईच्या मागोमाग आत्या हवी, म्हणून भावाने दोनदा निरोप धाडला होता. अंधेरीहून निघता निघता हे लोक फाटकाशी उभे राहिले आणि गाडी दादर सोडून परळच्या इस्पितळाकडे गेली. पेशंट दाखल करून दोघं मांडवात पोचली तेव्हा पंगती उठत होत्या. बटू लाडू खाऊन आईच्या मांडीवर पेंगला होता. भाऊ म्हणाला, "आलीस ना, हेच पुष्कळ." तो रागावला असता तर उत्तराबाईंना बरं वाटलं असतं.

डॉक्टर मधुकर सबनीसांची ब्यूइक अख्ख्या अंधेरीला ठाऊक होती. एका गिरणीच्या गोऱ्या मॅनेजरला त्यांनी काविळीतून उठवलं होतं. स्वातंत्र्यानंतर तो मायदेशी निघाला तेव्हा आपली काळीभोर, लांबलचक गाडी डॉक्टरांना माणुसकीच्या किमतीत देऊन गेला. तोवर डॉक्टर सायकलवरून फिरत. सायकल त्यांची एकट्याची होती, गाडी मात्र वर्षभरात गावाची झाली. लग्नसराईत नवरदेवाची वरात तिच्यातून निघायची. मुलीकडची माणसं मुहूर्त धरायच्या आधी डॉक्टरांकडे येऊन गाडी मोकळी आहे का ते विचारून जात. अडलेली बाळंतीण, विंचू चावलेला माणूस, ताडावरून पडलेला भंडारी, सगळ्यांची सोय एकच. डॉक्टरांना नाही म्हणता येत नसे, आणि खरं सांगायचं तर म्हणावंसंही वाटत नसे. शाळामास्तराचा मुलगा तो. दारात चार माणसं हात जोडून उभी राहिली की आतून कुठेतरी त्याला बरं वाटे. हे उत्तराबाईंनी लग्नाच्या पहिल्या वर्षातच ओळखलं होतं आणि कधी बोलून दाखवलं नव्हतं.

मुंजीच्या दुसऱ्या दिवशी मात्र चहाचा कप समोर ठेवून त्या म्हणाल्या, "अहो, ती गाडी काढून टाका."

"कालचं मनात धरलंस होय?"

"कालचं नाही. तुमच्या शेजारी बसून, मधे कुणी नसताना, मी आजवर कुठे गेले ते एक ठिकाण सांगा. मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

डॉक्टरांनी चहा बशीत ओतला. बराच वेळ फुंकर घातली. मग म्हणाले, "जुहूला गेलो होतो की."

"मागे शिरोडकरांची सून कळा देत होती. समुद्राला वळसा घालून तुम्ही तिला पार्ल्याच्या सुइणीकडे नेलंत."

"बरं, गाडी काढली म्हणून लोक आजारी पडायचे थांबणार आहेत का?"

"नाही. पण जागा नाही असं सांगता येईल. तुम्हाला नाही म्हणता येत नाही ना, निदान गाडीला तरी म्हणू द्या."

डॉक्टर हसले. उत्तराबाई हसल्या नाहीत. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली होती, घरात आता ही दोघंच होती, आणि त्यांना या आयुष्यात नवऱ्याच्या शेजारची एक जागा हवी होती. दागिने नकोत, काशीयात्रा नको. एवढं मागणंसुद्धा गाडीच्या आडून मागावं लागतं, याचं त्यांना वाईट वाटत होतं.

आठवड्याभरात चंद्रप्रकाश नावाचा गाड्यांचा दलाल एक छोटी मॉरिस घेऊन हजर झाला. वांद्र्याच्या एका पारशीणबाईंची होती, फिक्या हिरव्या रंगाची, दोनच दारांची. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून वाकत आत शिरायचं.

"डॉक्टर, मोठ्या गाड्यांचे दिवस गेले," चंद्रप्रकाश म्हणाला. "स्पेअर पार्ट बाहेरून येत नाहीत, पेट्रोल तर घटाघटा पिते तुमची. त्यापेक्षा ही घ्या. एकदम झकास. नवरा-बायको बसली की संपलं. अदलाबदल करून टाका, वर मीच काहीतरी देतो."

"बसून तर बघा," असं त्याने म्हटलं म्हणून दोघं बसली. डॉक्टरांनी गाडी तलावाच्या रस्त्याने नेऊन आणली. गिअर बदलताना त्यांचं कोपर उत्तराबाईंच्या दंडाला लागत होतं. भर दिवसा, भर रस्त्यात. उत्तराबाई लाजल्या, आणि या वयात लाजल्याबद्दल स्वतःशीच हसल्या. डॉक्टर मात्र समोर बघत म्हणाले, "हिच्यात माणूस आडवा नाही पडू शकत."

निर्णय लांबला. चंद्रप्रकाशला आज या, उद्या या चाललं. बातमी फुटायला तेवढा वेळ पुरला. पलीकडच्या चाळीतला दत्ताराम गिरणीतून सुटला की रोज फाटकाशी उभा राहू लागला.

"डॉक्टरानू, ऐकतंय ता खरा काय?" तो विचारी. "मगे माझ्या झिलाची वरात कशातसून काढू? हातगाडयेरसून?"

"अजून काही ठरलं नाही रे," डॉक्टर म्हणत आणि ओशाळून आत येत.

सकाळी अंघोळीआधी ते ब्यूइक पुसत. पूर्वीही पुसत, पण आता कपडा एकाच जागी फिरत राही. खिडकीतून ते पाहून उत्तराबाईंचं मन पाघळे. नवऱ्याच्या हातातलं खेळणं आपण काढून घेतोय की काय, असं वाटे. मग मांडवातला तो पेंगलेला बटू आठवे आणि त्या खिडकीतून बाजूला होत. त्यांनी एकदाही पुन्हा आठवण केली नाही, आणि आपला शब्द मागेही घेतला नाही.

शेवटी एके दिवशी पानावर बसल्यावर डॉक्टरच म्हणाले, "मोठी देऊन टाकतो. दम लागतो आता तिचं चाक फिरवताना. आणि ऐक, छोटीत पेशंट नाही. ती आपल्या दोघांची."

"पाळाल?"

"शब्द देतोय ना."

उत्तराबाईंनी त्यांच्या भातावर न विचारता आणखी तूप वाढलं.

ब्यूइक न्यायला चंद्रप्रकाश आला त्या सकाळी फाटकाशी बायकांचा घोळका उभा होता. पुढे दत्तारामची बायको रत्नप्रभा, हातात ताट, ताटात हळदकुंकू, नारळ, तांदूळ आणि खण. उत्तराबाईंना आधी वाटलं, कुणाकडे तरी डोहाळजेवण असेल.

"वटी भरूची हा," रत्नप्रभा म्हणाली.

"कुणाची गं?"

रत्नप्रभाने गाडीकडे बोट केलं. "माजां चेडू हिच्या पोटात जल्माक इलां. रिकाम्या वटयेन कशी धाडू, बाई?"

चंद्रप्रकाशला हसू आवरेना, पण बायकांचे चेहरे पाहून त्याने ते गिळलं. रत्नप्रभाने ताट उत्तराबाईंपुढे धरलं. घरची सवाशीण आधी, मग बाकीच्या. उत्तराबाईंनी आयुष्यात ज्या वस्तूचा सगळ्यात जास्त दुस्वास केला तिच्या तापलेल्या बॉनेटवर हळदकुंकू लावलं. पुढच्या सीटवर खण पसरून नारळ ठेवला, पाच वेळा ओंजळीने तांदूळ घातले. सासरी निघालेल्या मुलीला करतात तसं सगळं यथासांग झालं. मागे कुणीतरी डोळे पुसत होतं. डॉक्टर दवाखान्यातून बाहेर आलेच नाहीत. गाडी वळणाआड गेल्यावर उत्तराबाई आत गेल्या तर ते रिकाम्या खुर्चीसमोर स्टेथस्कोप गळ्यात घालून बसले होते. त्या त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

पण माणसाचं मन मोठं लबाड असतं. पुढच्या रविवारी दुपारी मॉरिसमधे बसताना उत्तराबाईंना ब्यूइकची आठवणही नव्हती. आरे कॉलनीतली बाग पाहायची होती. सगळी अंधेरी पाहून आली होती, डॉक्टरीणबाई तेवढ्या राहिल्या होत्या. सांज्याच्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी असा डबा मांडीवर होता. घोडबंदर रोडने जाताना डॉक्टरांनी कॉलेजातल्या नाटकाची गोष्ट सांगितली, जी त्यांनी यापूर्वी कधीच सांगितली नव्हती. त्यात त्यांनी लुगडं नेसून काम केलं होतं. उत्तराबाई इतक्या हसल्या की गोरेगावच्या फाटकावरचा गेटमन वळून बघायला लागला.

फाटक ओलांडून गाडी चढाला लागली, तेव्हा दिंडोशीकडच्या पायवाटेने चार माणसं बाज उचलून धावत येताना दिसली. त्यांनी गाडी पाहिली आणि बाज रस्त्यातच ठेवली. खाणीतला दगड पायावर आला होता. बाजेवरचा तरुण शुद्धीवर होता, ओरडत नव्हता, नुसता दातांनी टॉवेल चावत होता.

डॉक्टर खाली उतरले. पाहिलं, माणसांना बांबू फोडायला लावला, एकाचं मुंडासं फाडून पाय मांडीपासून घोट्यापर्यंत सरळ बांधला. मग ते परत येऊन चाकामागे बसले.

बाजेशी उभा असलेला मोठा भाऊ, सहदेव, खिडकीशी आला. "डॉक्टर, घेऊन जाल ना?"

उत्तराबाईंनी मागे वळून पाहिलं. मागची सीट हातभर. बांधलेला पाय वाकणार नव्हता. पुढची सीट पूर्ण वाकवली तरच तो पाय तिच्यावरून लांब सोडता आला असता. ब्यूइकमधे माणूस मागे आडवा पडला असता आणि त्या आपल्या कोपऱ्यात अंग चोरून घरी पोचल्या असत्या. इथे अंग चोरायलाही जागा नव्हती. गाडी छोटी घेतली म्हणजे लोकांचं मागणंही छोटं होईल, असा दोघांनी हिशेब केला होता. लोकांचं मागणं होतं तेवढंच राहिलं होतं, कमी झाली होती ती त्यांची जागा.

डॉक्टरांनी गाडी सुरू केली नव्हती. दोन्ही हात चाकावर, नजर समोर. सहदेवला ते उत्तर देत नव्हते आणि बायकोला काही सांगतही नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. उत्तराबाईंच्या लक्षात आलं, हे शब्द पाळताहेत. त्या नको म्हणाल्या असत्या तर या माणसाने सहदेवला, जन्मात पहिल्यांदा, नाही म्हटलं असतं आणि मग तो पुन्हा कधी सुखाने झोपला नसता.

त्यांनी दार उघडलं आणि डबा घेऊन खाली उतरल्या.

"उत्तरा," डॉक्टर म्हणाले. चारचौघांत ते बायकोला नावाने हाक मारत नसत.

"सीट वाकवा ती. त्याला दुखतंय."

"तू घरी कशी जाशील?"

"घरी कशाला? बाग पाहायला निघालेय मी. तिथे बसते. तुमचं आटोपलं की न्यायला या."

"येतो," डॉक्टर म्हणाले. "नक्की येतो."

तरुणाला आत सरकवायला बराच वेळ लागला. सहदेव मागे गुडघे पोटाशी घेऊन बसला. गाडी वळली, उतारावरून फाटकाकडे गेली, आणि उरलेली माणसं रिकामी बाज घेऊन पायवाटेला लागली. उत्तराबाईंना हुंदका आला. रस्त्यात कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी तो येऊ दिला. मग पदराने तोंड पुसून त्या चढ चढू लागल्या.

बाग खरोखर चांगली होती. लोक सांगत होते त्याहून चांगली. त्यांनी सगळी फुलं हिंडून पाहिली, उंचावरून खालची झाडी पाहिली, एका मुलीला तिचा घरंगळलेला चेंडू उचलून दिला. ऊन उतरू लागलं तशी माणसं पांगली. त्या रस्ता दिसेल अशा एका बाकावर बसल्या. आजवर त्या नवऱ्याच्या आधी कधी जेवल्या नव्हत्या. त्यांनी डबा उघडला, पोळ्या नीट निम्म्या निम्म्या वाटल्या, आपल्या वाटणीच्या सावकाश, चव घेत खाल्ल्या आणि डॉक्टरांच्या वाटणीच्या झाकून शेजारी ठेवल्या.