शेवंतीचा भाव

सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला आठवडा उरला होता आणि कामिनीचे वेबपान अजून उभे राहिले नव्हते. वडिलांनी, इंद्रसिंगआबांनी, अट घातली होती: शेवंती घोडीला या पानावरून गिऱ्हाईक आले, तर यंदा लेक बाजारात त्यांच्या शेजारी उभी राहील. तोवर यावर खर्च करायचा नाही. म्हणून मोफत सॉफ्टवेअरचा शोध.

पहिल्याने पानाच्या माथ्यावर स्वतःचीच जाहिरात चिकटवली. दुसऱ्यात चित्रे बोटाने हवी तिथे सरकवता येत. पण संगणकावर देखणे दिसणारे पान मोबाइलवर उघडले की शेवंतीचे डोके एकीकडे नि धड दुसरीकडे. तिसऱ्यात दुकानाचा तयार साचा होता. कंटाळलेल्या कामिनीने तोच निवडला. घोडीच्या तांबूस अंगावर सांज उतरल्यासारखी वाटते, असे एक वाक्य जपून लिहिले. किमतीचा चौकोन मात्र रिकामा राहीना. रेघ ओढली, तरी नकार. शेवटी तिने शून्य टाकले आणि पान प्रसिद्ध केले.

दुपारी आबा तबेल्यातून तरातरा आले. हातात फोन.

“कामिने, मन्ही घोडी फुकट शे का? खापर गावना दोधू व्यापारी इचारस, संगे खोगीर भी देतस का म्हने!”

तिने पाहिले. शेवंतीच्या खाली हिरव्या ठळक अक्षरांत साच्याने आपणहून लिहिले होते: मोफत.

“आबा, तो चौकोन रिकामा ऱ्हाऊच देत नही. खरा भाव टाकू का?”

“भाव?” आबांचा आवाज चिरकला. “भाव कोणी लिखी ठेवस का? चार लोकेस्मा तोंडवर तरी आनस का?”

तिला हे लहानपणापासून ठाऊक होते. यात्रेत दोघे व्यापारी हातांवर रुमाल टाकतात. त्याखाली बोटे बोटांना दाबतात आणि घोड्याचे मोल ठरते. भोवतालच्या गर्दीला दिसते ते फक्त हलणारे कापड. हे ठाऊक असूनही तिने दुकानाचा साचा घेतला होता. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता.

तिने पान पुसले. मग संगणकात पहिल्यापासून पडून असलेली, कोरी, कुरूप, साधा मजकूर लिहायची खिडकी उघडली. वेबपानाच्या भाषेतले खुणांचे कंस हाताने टाकत गेली. एक कंस मिटायचा राहिला आणि अर्धे पान नाहीसे झाले. तो सापडेपर्यंत चहा थंडगार. सांजेचे वाक्यही तिने काढले. ते घोडीपेक्षा तिचेच अधिक होते. उरले छायाचित्र, वय, चाल, फोन नंबर आणि एक ओळ: भाव यात्रेत, रुमालाखाली.

आबांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन वाचले. दोनदा.

“रंग नही, काही नही. तेरवीना कागद दिखी ऱ्हायना.”

“मी पुन्हा करते.”

“ऱ्हाऊ दे.” त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, तिच्या हातावर पसरला आणि आपला खरखरीत हात खाली सरकवला. तिची दोन बोटे घट्ट दाबली, मग तळव्यावर काहीतरी.

“समजनं का?”

काहीच समजले नव्हते. “दोन लाख?” ती हळूच म्हणाली.

“बोंबल आते बाजारमा!” आबा करवादले, पण हात मागे घेतला नाही. “तोंड मिट. परत दखाडस.”

रुमालाखाली बोटे पुन्हा दाबली गेली.